नवाल अल-सादावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या वाचनगटात नवाल अल-सादावींचं पुस्तक निघालं की पहिल्या अर्ध्या तासात साधारण तेच प्रश्न येतात. कुणी उच्चारावर अडतं, कुणाला ‘हे सगळं खरंच घडलं का’ हे जाणून घ्यायचं असतं, आणि कुणीतरी हळूच विचारतं, ‘या बाई धर्माच्या विरोधात होत्या का हो?’ त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ती दोन ओळींत उरकावीशी वाटली नाहीत.

नाव नेमकं कसं म्हणायचं?

नवाल. ‘वा’ लांब. मराठीत कुठे कुठे ‘नवल’ छापलेलं दिसतं, पण त्या शब्दाशी याचा संबंध नाही. अरबीत ‘नवाल’ म्हणजे देणगी, दान. आडनावाच्या आधीचा ‘अल’ पुढच्या ‘स’मध्ये मिसळतो, त्यामुळे इजिप्तच्या माणसाच्या तोंडून ते ‘अस्सादावी’सारखं ऐकू येतं.

एका दमात सांगायचं तर त्या कोण होत्या?

इजिप्तमधल्या डॉक्टर, मनोविकारांच्या अभ्यासक, कादंबरीकार आणि अरब जगातल्या स्त्री-चळवळीचा सर्वांत बेडर आवाज. जन्म २७ ऑक्टोबर १९३१, मृत्यू २१ मार्च २०२१. पन्नासहून अधिक पुस्तकं, सगळी मुळात अरबीत लिहिलेली. सरकारी नोकरी गेली, तुरुंग झाला, जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, तरी लेखन थांबलं नाही.

त्यांना ‘डॉक्टर आणि लेखिका’ असं दोन खणांत घालतात ते मला पटत नाही. रोग्याला तपासताना जो प्रश्न पडायचा, त्याचंच उत्तर त्या लिहिताना शोधत होत्या. जखम शिवता येते, पण ती मुळात झाली कशामुळे, हे विचारायचं की नाही? त्यांचं उभं आयुष्य या एका प्रश्नामागे गेलं.

बालपण कुठे गेलं? घरचं वातावरण कसं होतं?

कैरोच्या उत्तरेला, नाईलच्या त्रिभुज प्रदेशात कफर तहला नावाचं खेडं आहे. तिथे त्यांचा जन्म झाला. नऊ भावंडांत त्या दुसऱ्या. वडील शिक्षण खात्यात अधिकारी. १९१९ साली इंग्रजांविरुद्ध उठाव झाला तेव्हा ते त्यात होते. पुढे त्याची शिक्षा म्हणून त्यांची बदली एका आडगावी झाली आणि दहा वर्षं बढती रोखून धरली गेली. आई झैनब शहरी, तुर्की वंशाच्या जुन्या श्रीमंत घराण्यातली. शेतकऱ्याचा शिकलेला मुलगा आणि जमीनदार घराण्यातली मुलगी असा तो संसार होता. घरात पुस्तकं होती आणि मुलींनी शिकावं असं वडिलांना मनापासून वाटत होतं, हे महत्त्वाचं.

पण त्याच घरात थोरला भाऊ तलअत शाळेत मागे पडला तरी सुट्टीभर खेळायचा, आणि पहिली येणारी नवाल स्वयंपाकघरात राबायची. एक मुलगा म्हणजे निदान पंधरा मुली, मुलगी म्हणजे अवदसा, असं आजी सांगायची. हा हिशोब आपल्याकडच्या आज्यांनाही तोंडपाठ होता. छोट्या नवालने यावर थेट देवालाच पत्र लिहिलं. तू न्यायी आहेस तर माझ्या भावाला जास्त आणि मला कमी असं का? आयुष्यातलं आपलं पहिलं लिखाण त्या या पत्रालाच म्हणत.

दहाव्या वर्षी लग्न ठरत होतं हे खरं का?

खरं आहे. नातेवाइकांनी स्थळ आणलं. आपल्याकडे पोह्यांच्या बश्या घेऊन मुलगी बाहेर येते, तशी तिकडे कॉफीचा ट्रे घेऊन येते. नवालने आधी कच्चं वांगं दातांवर घासून दात काळे केले आणि मग पाहुण्यांसमोर कॉफी सांडली. स्थळ परत गेलं. मार बसला, पण लग्न टळलं आणि शाळा सुरू राहिली. पुढेही असे प्रसंग आले तेव्हा आई तिच्या बाजूने उभी राहिली.

हा किस्सा लोक हसत सांगतात. मला त्यात हसू येत नाही. दहा वर्षांच्या पोरीला स्वतःला वाचवण्यासाठी स्वतःचंच तोंड काळं करावं लागलं.

मुलींची सुंता म्हणजे नेमकं काय? त्यांच्या बाबतीत काय झालं?

मुलीच्या बाह्य जननेंद्रियाचा काही भाग, मुख्यतः क्लिटोरिस आणि पुष्कळदा आतल्या कडाही, कापून टाकणं. त्याने आरोग्याचा काडीचाही फायदा होत नाही. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, लघवीचा त्रास, पुढे बाळंतपणात अडचणी आणि आयुष्यभर शरीरसंबंधाची भीती, एवढं मात्र पदरात पडतं. इजिप्तमध्ये ही चाल मुसलमानांत आहे तशी कॉप्टिक ख्रिश्चनांतही आहे. नाईलच्या खोऱ्यात ती इस्लामच्या आणि ख्रिस्ती धर्माच्याही आधीपासून चालत आली आहे. उलट कित्येक मुस्लिम देशांत ती जवळपास नाहीच.

नवाल सहा वर्षांच्या होत्या. रात्री अंथरुणातून कुणीतरी उचललं, तोंडावर हात दाबला. त्यांना वाटलं चोर शिरले. न्हाणीघरातल्या थंड फरशीवर झोपवलं. धातूला धार लावल्याचा आवाज आला, ईदच्या आधी खाटीक सुरीला लावतो तसा. मग ती कळ. आईला हाक मारली, आणि दिसलं की आई तिथेच उभी आहे, त्या अनोळखी माणसांच्या घोळक्यात, त्यांच्याशी बोलते आहे, हसते आहे. मग धाकट्या बहिणीची पाळी आली.

‘ईव्हचा झाकलेला चेहरा’ या त्यांच्या सर्वांत गाजलेल्या वैचारिक पुस्तकात हा प्रसंग आहे आणि वाचून झाल्यावर माणूस गप्प होतो. मला त्यातलं रक्त आठवत नाही, आईचं हसणं आठवतं. त्या बाईने काही वाईट केलं अशी तिची भावनाच नव्हती. ती मुलीचं भलं करत होती. पुढे डॉक्टर झालेल्या नवालना कळलं की सुरी चालवणारी दाया, म्हणजे गावची सुईण (तिकडचा शब्द आपल्या ‘दाई’च्या किती जवळचा आहे पाहा), घरातली आजी आणि उभी असलेली आई या तिघी त्याच वाटेने गेलेल्या होत्या. त्यामुळे त्यांनी आईला दोष दिला नाही. ज्या व्यवस्थेने आईला हे भलं वाटायला लावलं, तिच्यामागे त्या लागल्या.

डॉक्टर झाल्यावर त्यांनी कुठे काम केलं?

कैरो विद्यापीठातून १९५५ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि काही काळाने आपल्याच कफर तहलातल्या सरकारी आरोग्य केंद्रात रुजू झाल्या. खरं शिक्षण इथे झालं, असं त्यांची आत्मकथा वाचताना सतत जाणवतं. रक्तस्राव थांबत नाही म्हणून सुंता झालेल्या मुली यायच्या. लग्नाच्या रात्री बोटाने कौमार्य ‘सिद्ध’ करताना जखमी झालेल्या नववधू यायच्या. ते काम दायाच करायची, आणि पांढऱ्या कापडावर रक्त दिसल्याशिवाय बापाला मान वर काढता येत नसे.

मसऊदा नावाच्या एका कोवळ्या मुलीची गोष्ट त्यांनी लिहिली आहे. म्हाताऱ्या नवऱ्याच्या छळाने ती ढासळली होती. गावाचं म्हणणं, तिला झपाटलंय. नवालनी तिला नवऱ्याकडे पाठवू नका, उपचार करा, असा अहवाल दिला. त्यावर वरच्यांनी डॉक्टरीणबाईंवरच ठपका ठेवला की त्या बायकांना चिथावतात. मुलीला परत नवऱ्याकडे धाडलं आणि तिचं प्रेत नाईलमध्ये सापडलं. नवालना कैरोला परत बोलावण्यात आलं.

पुढे त्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून १९६६ मध्ये सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली आणि आरोग्य खात्यात आरोग्यशिक्षणाच्या संचालक झाल्या.

मग ती नोकरी का गेली?

एका पुस्तकामुळे. ‘अल-मरअ वल-जिन्स’, म्हणजे ‘स्त्री आणि लैंगिकता’. त्यांनी त्यात सुंतेचे परिणाम लिहिले. योनिपटलाची रचना प्रत्येकीत वेगळी असते, पहिल्या संबंधात रक्त न येणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे, हेही सांगितलं. वैद्यकाच्या पुस्तकात सापडणारीच माहिती होती ती. पण ती साध्या अरबीत, कुठलीही बाई वाचू शकेल अशा भाषेत आली, आणि त्या माहितीअभावी जीव जात होते हेही त्यांनी सोबत लिहिलं. १९७२ मध्ये त्यांना संचालकपदावरून काढलं. त्या चालवत असलेलं आरोग्यविषयक मासिक बंद पडलं आणि डॉक्टरांच्या संघटनेतलं सहसचिवपदही गेलं.

आपल्याकडे र. धों. कर्व्यांना संततिनियमनावर लिहिल्यापायी नोकरी सोडावी लागली होती, कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या होत्या. ज्यांनी त्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ चाळलंय त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल.

‘शून्यबिंदूवरची स्त्री’ या कादंबरीतली ‘फिरदौस’ ही बाई खरी होती का?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. उत्तर : हो, तिच्या मुळाशी एक खरी बाई होती, आणि पुस्तक मात्र कादंबरी आहे.

नोकरी गेल्यावर १९७३ ते १९७६ या काळात नवाल कैरोतल्या ऐन शम्स विद्यापीठात स्त्रियांच्या मनोविकारांवर संशोधन करत होत्या. त्यासाठी १९७४ च्या शरद ऋतूत त्या अल-कनातिरच्या स्त्रियांच्या तुरुंगात जाऊ लागल्या. तिथल्या डॉक्टरने एका कैदी बाईबद्दल सांगितलं. पुरुषाच्या खुनासाठी फाशीची शिक्षा झालेली. जेवत नाही, झोपत नाही, कुणाला भेटत नाही. शिक्षा कमी करा म्हणून राष्ट्राध्यक्षांकडे अर्ज पाठवायचा होता, तर तिने सही करायला नकार दिला. ती आधी नवालनाही भेटली नाही. भेट नाकारली गेल्यावर या शिकलेल्या, नाव कमावलेल्या डॉक्टरला स्वतःच खुजं वाटू लागलं, हे त्यांनी प्रस्तावनेत प्रांजळपणे लिहिलं आहे. मग एके दिवशी निरोप आला. जमिनीवर बसून तिने बोलायला सुरुवात केली. ती एकदाच बोलली, आणि नंतर तिला फासावर नेलं.

१९७५ मध्ये बैरुतहून ही कादंबरी छापून आली : ‘इम्रअ इंद नुक्तत अस-सिफ्र’, शून्यबिंदूवरची स्त्री. १९८३ मध्ये तिचं इंग्रजी भाषांतर झालं आणि मग ती जगभर गेली. ‘फिरदौस’ म्हणजे स्वर्ग. अनाथ मुलगी, काकाने म्हाताऱ्या शेखाशी लावलेलं लग्न, तिथली उपासमार आणि मार, पळणं, वेश्या होणं, मध्येच ‘अब्रूदार’ कारकुनी नोकरी करून पाहणं आणि तीही एक विक्रीच आहे असं उमगणं, शेवटी हुकमत गाजवायला आलेल्या दलालाचा खून.

फिरदौस खून केला म्हणून पश्चात्ताप करत नाही, आणि अनेक वाचकांना तिथेच ठेच लागते. आमच्याकडे एका ताईंनी पुस्तक मिटून विचारलं होतं, ‘मग मी हिच्याबद्दल काय वाटून घ्यायचं?’ मला वाटतं कादंबरीने हाच प्रश्न आपल्या हाती ठेवायचा होता. फाशीला भिणारी बाई सरकारला चालली असती. न भिणारी चालली नाही.

त्यांना तुरुंगात का टाकलं?

सप्टेंबर १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष अन्वर सादात यांनी एका झटक्यात दीड हजारांहून अधिक विरोधकांना उचललं. त्यात डावे होते, इस्लामी गट होते, पत्रकार, वकील, प्राध्यापक, पाद्री असे सगळेच होते. नवाल सादातांच्या आर्थिक धोरणावर आणि इस्राएलशी केलेल्या करारावर जाहीर टीका करत आल्या होत्या. ६ सप्टेंबरला त्या घरी एकट्याच कादंबरी लिहीत बसल्या होत्या. पोलिसांनी दार ठोठावलं. ‘वॉरंट दाखवा’ म्हणाल्या. वॉरंट नव्हतं, म्हणून त्यांनी दार उघडलं नाही. पोलिसांनी दार फोडलं.

नेलं कुठे, तर त्याच अल-कनातिरला. ‘कनातिर’ म्हणजे नाईलवरचे बंधारे. ज्या तुरुंगात सात वर्षांपूर्वी त्या वही-पेन्सिल घेऊन संशोधक म्हणून आल्या होत्या, तिथे आता कैदी म्हणून आल्या. एकाच कोठडीत डोळ्यांपर्यंत बुरखा घेतलेल्या इस्लामी गटाच्या तरुणी होत्या आणि लतीफा अल-झय्यात यांच्यासारख्या डाव्या लेखिकाही. वाद व्हायचे, रडारड व्हायची, पण एकच नळ आणि एकच संडास सगळ्यांचा. नवाल पहाटे उठून व्यायाम करत आणि बाकीच्यांनाही करायला लावत.

६ ऑक्टोबरला लष्करी संचलनात सादातांची हत्या झाली. २५ नोव्हेंबरला नवाल सुटल्या. नव्या राष्ट्राध्यक्ष मुबारक यांच्याशी भेट घडवण्यासाठी सुटलेल्या कैद्यांना थेट राजवाड्यात नेलं होतं.

टॉयलेट पेपरवर आयब्रो पेन्सिलने पुस्तक लिहिलं, ही दंतकथा की खरं?

खरं. राजकीय कैद्यांना कागद आणि लेखणी मिळत नसे. तुमच्या कोठडीत बंदूक सापडली तर चालेल पण कागद-पेन नको, अशा अर्थाचं तुरुंगाचा अधिकारी बजावायचा. वेश्याव्यवसायाच्या गुन्ह्यात आलेल्या एका तरुण कैदी मुलीने आपली काळी आयब्रो पेन्सिल नवालना दिली. रात्री सगळ्या झोपल्या की त्या टॉयलेट पेपरवर लिहीत. त्यातून ‘स्त्रियांच्या तुरुंगातल्या आठवणी’ हे पुस्तक उभं राहिलं.

त्या मुलीबद्दल मला नेहमी कृतज्ञता वाटते. जिला कुणी लेखिकांच्या पंगतीला बसू दिलं नसतं, तिने आपल्याकडे होती तेवढी वस्तू देऊन टाकली.

संघटनेचं काय झालं?

१९८२ मध्ये त्यांनी अरब स्त्रियांची ऐक्य संघटना काढली. मनावरचा पडदा दूर करणं हे तिचं ब्रीद. १९८५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी तिला सल्लागार दर्जा दिला. ‘नून’ नावाचं मासिकही निघालं. १९९१ मध्ये आखाती युद्धाला संघटनेने विरोध केला आणि सरकारने तिला टाळं ठोकलं. पैसा, सामान उचलून एका धार्मिक महिला संस्थेला देऊन टाकलं. नवाल कोर्टात गेल्या, पण टाळं निघालं नाही.

देश सोडून का जावं लागलं?

जून १९९२ मध्ये विचारवंत फरग फोदा यांना इस्लामी अतिरेक्यांनी कैरोत गोळ्या घातल्या. त्यानंतरच्या ठार मारायच्या माणसांच्या याद्यांत नवालचं नाव होतं. सरकारने न मागता दारात पहारेकरी बसवले. राखायला बसलेत की नजर ठेवायला, हे कळेना. शेवटी त्या अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात शिकवायला गेल्या आणि १९९६ मध्ये परतल्या. ‘बंडखोरी आणि सर्जनशीलता’ हा तिथला त्यांचा आवडता विषय.

कोर्टाने त्यांचा जबरदस्तीने घटस्फोट करायचं ठरवलं होतं म्हणे?

कोर्टाने नाही, एका वकिलाने तशी मागणी केली होती. २००१ मध्ये एका साप्ताहिकाने त्यांची मुलाखत छापली. हजयात्रेतल्या काळ्या दगडाला ओठ लावण्याची रीत इस्लामपूर्व काळातून आली आहे, असं त्या तीत म्हणाल्या होत्या. वकिलाचं म्हणणं, ही बाई धर्मातून बाहेर गेली, आणि धर्मत्यागी बाईचं मुस्लिम पुरुषाशी लग्न टिकत नाही, तेव्हा हिला नवऱ्यापासून वेगळं करा. नवरा-बायको दोघांनाही हे नको होतं, पण कुराणाचे अभ्यासक नस्र हामिद अबू झैद यांच्यावर १९९५ मध्ये नेमकी हीच वेळ येऊन गेली होती आणि त्यांना पत्नीसह नेदरलँड्सला जावं लागलं होतं. त्यामुळे धोका खरा होता. ३० जुलै २००१ रोजी न्यायालयाने दावा फेटाळला. तेव्हा त्यांच्या लग्नाला ३७ वर्षं झाली होती.

त्यांचं खासगी आयुष्य?

तीन लग्नं. पहिलं वैद्यकीय महाविद्यालयातल्या सहाध्यायी अहमद हिल्मी यांच्याशी. सुवेझ भागात इंग्रजांविरुद्ध लढायला गेलेला हा तरुण मनाने मोडून परतला. त्यांची मुलगी मोना, तीही लेखिका. दुसरं लग्न एका वकिलाशी, त्याला बायकोचं लिहिणं सोसलं नाही. तिसरं १९६४ मध्ये डॉ. शरीफ हताता यांच्याशी. ते डॉक्टर, कादंबरीकार आणि तेरा वर्षं राजकीय तुरुंगवास भोगलेले. फिरदौसची कादंबरी इंग्रजीत आणली ती त्यांनीच. मुलगा अतेफ चित्रपट दिग्दर्शक झाला. २०१० मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, नवालनी हेही लग्न मोडलं.

आईचं नाव लावण्यावरून काही वाद झाला होता का?

झाला होता, आणि मराठी वाचकाला तो चटकन कळेल. इजिप्तमध्येही मुलाच्या नावापुढे वडिलांचं आणि आजोबांचं नाव लागतं, आई कुठेच नसते. आपल्या जन्माआधी गेलेल्या पुरुषाचं नाव आपण मिरवतो आणि झैनबचं नाव तिच्याबरोबर पुरलं जातं, याची नवालना खंत होती. २००६ मध्ये मातृदिनानिमित्त मोनाने लेख लिहून जाहीर केलं की यापुढे मी मोना नवाल हिल्मी. त्यावरून खटला गुदरला. २००८ मध्ये इजिप्तच्या बालकायद्यात बदल झाला आणि विवाहाबाहेर जन्मलेल्या मुलांना आईचं नाव लावून जन्मनोंद करण्याची मुभा मिळाली. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदावर आधी आईचं, मग वडिलांचं नाव लावणं सुरू झालं. तिकडे यासाठी कोर्टात उभं राहावं लागलं होतं.

त्या इस्लामच्या विरोधात होत्या का?

असं म्हणणाऱ्यांनी बहुधा त्यांची पुस्तकं वाचलेली नसतात. त्यांचा रोख धर्माच्या नावाने चालणाऱ्या सत्तेवर होता, मग ती सत्ता मशिदीतली असो, चर्चमधली असो वा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाची. ज्यू, ख्रिस्ती आणि इस्लाम या तिन्ही सेमिटिक धर्मांच्या ग्रंथांत स्त्रीला दुय्यम ठरवणारे धागे आहेत आणि ज्यू-ख्रिस्ती परंपरेत ते कमी नाहीत, हे त्या तुलना करून दाखवत. इजिप्तच्या प्राचीन इसिस देवीवर त्यांचं प्रेम होतं. स्त्री-पुरुष समतेची कल्पना युरोपातून आयात करायची गरज नाही, आमच्या मातीत ती आधीपासून होती, हे त्यांना त्यातून सांगायचं होतं.

बुरख्याला त्यांचा विरोध होता, आणि तेवढाच तीव्र विरोध मेकअपला होता. चेहऱ्यावर थापलेला रंग हाही बुरखाच, असं त्या म्हणत आणि स्वतः पांढरे केस मोकळे सोडून फिरत. परदेशी टीव्हीवर त्यांना इस्लामवर बोलायला बोलावत, त्या यजमान देशाच्या भांडवलशाहीवर आणि युद्धांवर बोलून परत येत.

पाश्चात्त्य स्त्रीवाद्यांशी त्यांचं का बिनसलं?

पश्चिमेने त्यांच्याकडून एकच गोष्ट उचलली, सुंता, म्हणून. १९७७ च्या त्यांच्या वैचारिक पुस्तकाचं अरबी नाव ‘अरब स्त्रीचा उघडा चेहरा’. १९८० मध्ये इंग्रजीत येताना त्याचं झालं ‘ईव्हचा झाकलेला चेहरा’. उघड्याचं झाकलेलं झालं, आणि अरबीत पुढे येणारं सुंतेचं प्रकरण इंग्रजीत अगदी आरंभी आलं. गरिबी, श्रम, वसाहतवाद, तेलाचं राजकारण याबद्दल त्या तितक्याच पोटतिडकीने लिहीत होत्या. आफ्रिकेतल्या बायकांच्या जननेंद्रियांची चर्चा करायची आणि त्यांच्या भुकेची करायची नाही, हा त्यांना अपमान वाटे. त्यांचं म्हणणं मला सोळा आणे पटतं.

त्यांच्यावर टीका झाली ती सगळी प्रतिगाम्यांकडूनच का?

नाही. त्यांच्या कादंबऱ्यांत पात्रांपेक्षा विचार मोठा होतो, तेच प्रसंग फिरून येतात, असं अरब समीक्षक म्हणत आले आहेत. उशिराच्या कादंबऱ्यांपुरती ती तक्रार मला खरी वाटते. सीरियन समीक्षक जॉर्ज तराबिशी यांनी तर त्यांच्या नायिका स्त्रीत्वाच्याच विरोधात आहेत, असं मांडणारं पुस्तक लिहिलं. त्याच्याशी मी सहमत नाही.

राजकारणातली गोष्ट जास्त बोचते. २०११ मध्ये मुबारक यांच्याविरुद्ध उठाव झाला तेव्हा वयाच्या ७९ व्या वर्षी त्या कैरोच्या तहरीर चौकात तरुणांबरोबर बसल्या होत्या. आणि २०१३ मध्ये लष्कराने निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष मुहम्मद मुर्सी यांना हटवलं तेव्हा ते बंड नव्हे, लोकांची क्रांती, असं त्या ठामपणे म्हणाल्या. नंतर लष्करप्रमुखाचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या सीसींच्या राजवटीत तुरुंग भरले तरी त्यांचा सूर फारसा बदलला नाही. सादातांचा तुरुंग भोगलेल्या बाईकडून माझी अपेक्षा वेगळी होती. ते दुःख लपवून त्यांच्याविषयी लिहिणं मला जमणार नाही.

सुंतेवर इजिप्तमध्ये बंदी आली का?

आली, फार उशिरा आणि टप्प्याटप्प्याने. १९९४ मध्ये कैरोत संयुक्त राष्ट्रांची लोकसंख्या परिषद चालू असतानाच एका मुलीच्या सुंतेचं चित्रण परदेशी वाहिनीने दाखवलं आणि सरकारची नाचक्की झाली. त्यानंतर सरकारी इस्पितळांत बंदी आली, तिच्यावर कोर्टबाजी झाली. २००७ मध्ये बारा वर्षांची एक मुलगी डॉक्टरच्या हातून दगावली, तेव्हा पूर्ण बंदी आली. २००८ मध्ये फौजदारी कायदा झाला. २०१६ आणि २०२१ मध्ये शिक्षा वाढवल्या.

२०१४ च्या पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ९२ टक्के सुंता झालेल्या होत्या, २०२१ मध्ये ८६ टक्के. लहान मुलींमधलं प्रमाण याहून वेगाने घटतं आहे. पण एक गोष्ट नवालना सर्वांत जास्त झोंबली असती. दायाच्या हातातली सुरी आता मोठ्या प्रमाणात डॉक्टरांच्या हातात गेली आहे.

आपल्याशी याचा काही संबंध?

थेट संबंध एक आहे. दाऊदी बोहरा समाजाची धार्मिक परंपरा कैरोच्या फातिमी खिलाफतीपर्यंत जाते, आणि या समाजात मुलींच्या खतन्याची, म्हणजे सुंतेची, चाल आहे. मुंबईतल्या बोहरा स्त्रियांनीच गेल्या दहा-बारा वर्षांत त्यावर उघड बोलायला सुरुवात केली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली, २०१८ मध्ये ती मोठ्या पीठाकडे गेली. समाजातल्या काही स्त्रिया या चालीचं समर्थन करतात, हेही नोंदवायला हवं. सहाव्या-सातव्या वर्षी कुणीतरी आपलंच माणूस हात धरून नेतं, ही आठवण मात्र त्यांच्या कहाण्यांतही तशीच येते.

दुसरं नातं मनाचं. रखमाबाईंनी अकराव्या वर्षी लावलेलं लग्न नाकारलं, १८८७ मध्ये ‘नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंग’ असा निकाल आला तेव्हा तुरुंग पत्करायची तयारी दाखवली आणि पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. त्यांना आणि नवालना एकमेकींसमोर बसवलं तर दुभाषाची गरज फार वेळ लागली नसती.

पुरस्कार?

युरोपीय परिषदेचा २००४ चा उत्तर-दक्षिण पुरस्कार आणि २०१२ चा शॉन मॅकब्राइड शांतता पुरस्कार, हे त्यांतले ठळक. २०२० मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने शतकातल्या शंभर स्त्रिया निवडल्या, त्यात १९८१ हे साल नवालच्या नावे दिलं. म्हणजे तुरुंगातलं साल.

शेवट कसा झाला?

वयाच्या ८९ व्या वर्षी, आजारपणानंतर, कैरोमध्ये. दिवस २१ मार्च, इजिप्तचा मातृदिन.

वाचायला सुरुवात कुठून करू?

फिरदौसपासून. शंभर-सव्वाशे पानं आहेत, एका बैठकीत होतात. त्यानंतर तुरुंगातल्या आठवणी घ्या, त्यात विनोद आहे, मैत्री आहे, माणसं आहेत. बालपणाची आत्मकथा ‘इसिसची लेक’ तिसरी. वैचारिक पुस्तक सगळ्यात शेवटी, आणि त्यातलं सुंतेचं प्रकरण रात्री झोपण्याआधी उघडू नका. घरात वयात येणारी मुलगी असेल तर तिच्या हाती आधी ‘डॉक्टर स्त्रीच्या आठवणी’ द्या. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ती साप्ताहिकातून क्रमशः आली तेव्हा लेखिका विशीतच होती, आणि ते वय पानापानावर जाणवतं.